विटाळ कोणाचा, धोका कोणाला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात बाळंतीण गेली, तर तिची नोंद गावच्या जन्ममृत्यूच्या वहीत व्हायची. ही वही गावकामगार ठेवत. तालुक्यातून जिल्ह्याला आणि जिल्ह्यातून वर तिची गोळाबेरीज जाई, आणि शेवटी सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात तो एक आकडा होऊन छापला जाई. मृत्यूच्या कारणांचे मुख्य रकाने ठरलेले होते: पटकी, देवी, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, इजा, इतर कारणं. पुढे प्लेग आला तेव्हा त्याला स्वतंत्र रकाना मिळाला. बाळंतपणाला या मुख्य रकान्यांत जागा नव्हती. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढलेली आणि आठव्या दिवशी संपलेली बाई बहुधा ‘ताप’ या रकान्यात पडायची, हिवतापानं गेलेल्या शेतकऱ्याच्या शेजारी. नाशिकजवळच्या भगूरला सावरकरांच्या घरी १८९२ मध्ये आई पटकीनं गेली आणि १८९९ मध्ये वडील प्लेगनं. हे दोन्ही मृत्यू सरकारच्या तक्त्यात नावानिशी बसू शकत होते. त्याच काळात, त्याच गावांत ज्या बायका बाळंतरोगानं गेल्या, त्यांचा हिशेब तापाच्या ढिगात मिसळला, आणि तो आज कोणालाही वेगळा काढता येत नाही.

मोजदाद नव्हती म्हणजे मृत्यू थोडे होते असं नाही. सर जॉन मेगॉ यांनी १९३३ मध्ये देशभरातल्या खेड्यांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत दर हजार बाळंतपणांमागे २४.५ माता दगावतात असा अंदाज होता, म्हणजे साधारण चाळीस बाळंतपणांमागे एक. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६ च्या अहवालात हजारी २० हा आकडा धरला आणि वर्षाला सुमारे दोन लाख स्त्रिया बाळंतपणाशी निगडित कारणांनी मरतात असं लिहिलं. एका बाईची सहा बाळंतपणं धरली, तर भोर समितीच्या आकड्यानुसार आठ-नऊ बायकांमधली एक बाळंतपणातच जाणार असा त्याचा अर्थ होतो. आठ-नऊ घरांच्या आळीत असं एक घर. बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म असं आपल्याकडे म्हणत आले ते उगाच नव्हे. हे सगळे मृत्यू जंतुसंसर्गाचे नव्हते. रक्तस्राव होता, अडलेलं बाळंतपण होतं, झटके होते, आणि हिवतापानं व उपासमारीनं आलेला पांडुरोग तर घरोघर होता. पण जिथे नोंदी नीट होत्या त्या इंग्लंडात या काळात एकूण मातामृत्यूंपैकी एक तृतीयांश ते निम्मे बाळंतज्वराचे असत. आपल्याकडे हा वाटा त्याहून लहान असेल असं मानायला काही आधार नाही.

या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की त्या काळात स्वच्छतेची जाणीव कमी नव्हती. घरात ती कडक होती, आणि सरकारातही, वेगळ्या रीतीनं, कडकच होती. पण दोन्हीकडे तिचं तोंड उलट्या बाजूला होतं. घर स्वतःला बाळंतिणीपासून वाचवत होतं, सरकार शहराला रोग्यापासून वाचवत होतं, आणि बाळंतिणीला इतरांपासून वाचवायचं काम कोणाकडेच नव्हतं.

आधी रोग समजून घेऊ. मूल जन्मून वार पडली की गर्भाशयाच्या आतल्या भिंतीवर, जिथे वार चिकटलेली होती तिथे, तळहाताएवढी उघडी जखम राहते. एरवी अशी जखम अंगावर बाहेर असती तर कोणीही ती झाकली असती. ही आत असते, दिसत नाही, आणि तिच्याकडे जाणारी वाट काही दिवस उघडी असते. त्या वाटेनं स्ट्रेप्टोकॉकस जातीचा जंतू आत गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप येतो, ओटीपोट दुखू लागतं, अंगावरून जाणं घाण मारू लागतं किंवा थांबतं, दूध आटतं, पोट फुगतं. जंतू रक्तात उतरला की बहुधा आठवडा-दहा दिवसांत सगळं संपतं. पुष्कळ बायका शेवटच्या दिवसापर्यंत शुद्धीवर असत, बाळाला ओळखत असत. हा जंतू हवेच्या झुळुकीनं किंवा कोणाच्या दृष्टीनं येत नाही. तो येतो हातांवरून, नखांतून, फडक्यांवरून, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या घशातून. हा शेवटचा भाग, निरोगी दिसणाऱ्या परिचारिकेच्या नाकाघशात जंतू असू शकतो हा, लंडनच्या डोरा कोलब्रुक यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिला.

हाताचा भाग मात्र फार आधी उघडकीला आला होता. ॲबर्डीनच्या अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्येच लिहून ठेवलं होतं की हा ज्वर डॉक्टर आणि सुईणी एका घरातून दुसऱ्या घरात नेतात, आणि नेणाऱ्यांत आपणही होतो. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन कक्ष होते. एकात डॉक्टर आणि वैद्यकीचे विद्यार्थी काम करत, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या कक्षात शंभरामागे ११.४ बाया मेल्या, दुसऱ्यात २.८. गावातल्या बायकांना हा फरक ठाऊक होता. सुईणींच्या कक्षात घ्या म्हणून त्या हातापाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये कारण शोधलं: विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत होते. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केल्यावर त्या कक्षातला मृत्युदर एप्रिलच्या १८ टक्क्यांवरून जूनमध्ये दोन टक्क्यांच्या घरात आला. तरीही थोर थोर डॉक्टरांना ते पटलं नाही, कारण सभ्य गृहस्थाच्या हातातून मरण जातं हे मान्य करणं त्यांना अपमानाचं वाटलं. लुई पाश्चर यांनी १८७९ मध्ये पॅरिसच्या वैद्यक अकादमीत फळ्यावर त्या जंतूची माळ काढून दाखवली, तोवर सेमेलवाइस वेड्यांच्या इस्पितळात, जखम चिघळून, मरूनही चौदा वर्षं झाली होती. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे, ती पुढे लागेल: व्हिएन्नात सुरक्षित कक्ष सुईणींचा होता.

आता आपल्या बाळंतिणीच्या खोलीत येऊ. नाशिकच्या जुन्या वाड्यांत, गावाकडच्या पांढरपेशा घरांत ही खोली बहुधा मागच्या अंगाला, न्हाणीजवळ, अंधारी असे. खिडकी असली तरी वारं लागू नये म्हणून बोळा कोंबून बंद. बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपांची धुरी, दाराशी कडुलिंबाचा डहाळा आणि गोमूत्राचं भांडं. दहा दिवस सोयर. बाळंतिणीला शिवायचं नाही, शिवलं तर अंघोळ. म्हणजे घरातली माणसं तिच्या खोलीतून बाहेर पडताना स्वच्छ होत, आत जाताना नाही. आणि तिच्या अंगाखाली काय? जुनेरं. यामागचा हिशेब नीट पाहिला की त्यातली क्रूरता दिसते. जे कापड बाळंतिणीला लागेल ते बाटणार, टाकून द्यावं लागणार किंवा सुईणीला-परटिणीला जाणार. मग चांगलं लुगडं कोण देईल? घरातलं सगळ्यात फाटकं, कळकट, सांदीकोपऱ्यात कोंबून ठेवलेलं तेच बाहेर निघायचं. शुद्धतेच्या नियमानंच घरातली सगळ्यात घाण चिंधी उघड्या जखमेपाशी आणून ठेवली. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. त्या घरातल्या सासूला सुनेचं बरंच व्हायला हवं होतं. पण तिच्या हाती दिलेला नियमच तिला विचारायला लावत होता की हिच्यामुळे देवघर बाटेल का. आमच्यामुळे हिला काही होईल का, हा प्रश्न त्या नियमात नव्हताच.

परंपरेला काहीच कळत नव्हतं असंही म्हणता येणार नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात बाळंतपणाला कोण असावं हे सांगताना प्रौढ वयाच्या, या कामात कुशल आणि नखं कापलेल्या चार स्त्रिया असाव्यात असं म्हटलं आहे. नखांचा उल्लेख मोलाचा आहे. कोणी तरी, कधी तरी, नखांचा आणि बाळंतिणीच्या दुखण्याचा संबंध पाहिला होता. पण ते ज्ञान संस्कृत पोथीत राहिलं, आणि प्रत्यक्ष हात कोणाचे? बाळंतपण विटाळाचं ठरल्यामुळे ते काम ज्यांना आधीच अस्पृश्य किंवा हीन ठरवलं होतं त्या जातींतल्या बायकांवर आलं. जिला पोथी वाचायची बंदी तिच्या हाती जखम, आणि ज्याच्या हाती पोथी त्याला त्या खोलीत पाऊल टाकणं बाट. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी.चा प्रबंध लिहिला तो आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी स्वतःचं दहा दिवसांचं मूल गमावलेल्या त्या मुलीनं जुनं शास्त्र आणि नवं शास्त्र एका टेबलावर आणलं होतं. पुढच्याच वर्षी क्षयानं ती गेली नसती तर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाचं काम तिची वाट पाहत होतं.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाकाऊ नाही. सोयरामुळे बाईला दहा दिवस विसावा मिळाला, ती चुलीपासून सुटली, शेक-धुरी-तेलमालीश मिळालं, येणाऱ्याजाणाऱ्यांचा स्पर्श टळला. आजचे डॉक्टरही हेच सांगतात, मग आपल्या पूर्वजांना दोष कशाला? यातला अर्धा भाग मला मान्य आहे. किंबहुना त्याहून पुढे जाऊन म्हणता येईल की एकटी खोली मिळालेली बाळंतीण त्या काळच्या युरोपातल्या गच्च भरलेल्या प्रसूतिरुग्णालयातल्या बाईपेक्षा एका बाबतीत सुखी होती: शेजारच्या खाटेवरचा ज्वर तिच्यापर्यंत येत नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिकडेही घरी बाळंत होणं रुग्णालयापेक्षा सुरक्षित होतं. पण वेगळं ठेवणं आणि जपणं या दोन गोष्टी आहेत. दहा दिवसांच्या एकांतात तिच्यापर्यंत पोचणारं मोजकंच होतं: सुईणीचा हात, चिंधी, आणि नाळ कापायचा विळा. नेमकं तेवढंच स्वच्छ असायला हवं होतं, आणि नेमकं तेवढंच नव्हतं. विळ्यानं कापलेल्या आणि शेण-राख लावलेल्या नाळेतून बाळाला धनुर्वात व्हायचा. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाईची पूजा मांडून आयाबाया जागायच्या, तेच दिवस धनुर्वाताचे आणि बाळंतज्वराचेही ऐन भराचे. त्या जागरणातली भीती खरी होती.

दुसरा आक्षेप असा की हे सोवळंओवळं मूठभर घरांतलं, कष्टकऱ्यांचं काय? बरोबर आहे. शेतमजुराच्या झोपडीत वेगळी खोली नव्हती आणि दहा दिवसांची सुटीही नव्हती. पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या डोंगरांत कोकणा, महादेव कोळी, वारली बायकांना उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी कोसभर चालावं लागे, तिथे हात किती वेळा धुणार? तिथे विटाळाचा नियम सैल होता म्हणून बाई सुरक्षित होती असं नाही. तिथे तिला जपण्यासाठी लागणारं पाणी, सरपण, जास्तीचं कापड यांतलं काहीच नव्हतं. वाड्यात ते होतं, पण नियम आड येत होता.

सरकारकडे पाहू. १८९७ पासून प्लेगनं नाशिकलाही वेढलं. त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला. घराघरांत शिरून तपासण्या, रोग्यांना उचलून छावणीत नेणं, घरं रिकामी करणं, भिंतींना चुना आणि औषधं फासणं हे सगळं इलाख्यात झालं; पुण्यात त्यातून रँडचा खून झाला हे सर्वांना माहीत आहे. नाशिकसारख्या तीर्थाच्या गावी सिंहस्थात पटकी पसरू नये याची काळजी प्रशासनाला असेच, कारण यात्रेकरू पटकी घेऊन गावोगाव जात. पटकी-प्लेग व्यापार थांबवत, बंदरं बंद पाडत, गोऱ्या छावण्यांपर्यंत पोचत. बाळंतज्वर कोणालाच बंद पाडत नव्हता. तो एका खोलीत येई, एका बाईला घेऊन जाई, आणि नवरा वर्षाच्या आत दुसरं लग्न करी. सरकारी आरोग्यखात्याला त्यात धोका दिसला नाही, कारण त्याच्या लेखी धोका म्हणजे एकाकडून अनेकांकडे जाणारा. इथेही कोणी म्हणेल, की ते तेव्हाच्या विज्ञानाचंच बंधन होतं. तसं नव्हतं. इंग्लंडमध्ये १८८९ च्या सांसर्गिक रोग कायद्यात देवी, घटसर्पाच्या बरोबरीनं बाळंतज्वरही सरकारला कळवण्याचा रोग म्हणून धरला होता. म्हणजे राज्यकर्त्यांना ठाऊक होतं. इथल्या वहीत मात्र तो ‘ताप’च राहिला.

जे केलं ते दानधर्मावर सोपवलं. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी सुरू झाला, त्यातून स्त्रियांची रुग्णालयं निघाली, बहुतेक मोठ्या शहरांत. मुंबईचं कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडलं. नाशकात झनाना मिशनचं स्त्रियांसाठीचं रुग्णालय होतं. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी व्हिक्टोरिया राणीच्या स्मरणार्थ निधी काढला तो मुख्यतः सुईणींना शिकवण्यासाठी. या निधीनं १९१८ मध्ये देशभरच्या डॉक्टर स्त्रियांची निवेदनं गोळा करून एक अहवाल छापला. त्यात अंधाऱ्या खोल्या, चिंध्या, अस्वच्छ हात यांची वर्णनं पानोपान आहेत, आणि ती खोटी नाहीत. पण ती वाचताना सगळा प्रकाश एका बाईवर पडतो: सुईणीवर. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांनी ‘मदर इंडिया’त तोच प्रकाश आणखी प्रखर केला आणि त्यातून एका संस्कृतीला गुन्हेगार ठरवलं. इकडून राष्ट्रवादी उत्तरं गेली ती मानापमानाची. दोन्ही बाजूंच्या भांडणात बाळंतीण बाजूला राहिली आणि सुईण आरोपी म्हणून कायम झाली.

सुईणीच्या बाजूनं बोलायला हवं, आणि तिचे दोष झाकून नव्हे. तिच्या हातानं बायका मेल्या. अडलेलं मूल ओढताना, न पडलेली वार काढायला आत हात घालताना, अंगठ्या-बांगड्यांसकट, तेलाचं बोट लावून, ती जंतू आत नेत होती. पण तिला मोबदला काय होता? मुलगा झाला तर लुगडं, खण-नारळ, थोडं धान्य. मुलगी झाली तर त्याहून कमी. आदल्या दिवशी मेलेलं जनावर ओढणारं, नाही तर दुसऱ्या घरच्या आजाऱ्याची घाण काढणारं माणूस तिच्याच घरात असे, कारण गावानं ती कामं त्याच घरांना लावून दिली होती. साबणाची वडी, उकळतं पाणी, कात्री, नवं कापड यांतलं काहीही यजमानानं पुरवायचं असं कोणाला वाटलं नाही. ती घरात मागच्या दारानं येई आणि तिच्या जाण्यानंतर जमीन सारवली जाई. तिला शिकवायला निघालेल्या वर्गांना ती येत नाही अशी तक्रार अहवालांत वारंवार दिसते. रोजची मजुरी बुडवून, जिथे आपल्याला अडाणी आणि घाणेरडी म्हणतात तिथे बाई का जाईल?

आणि जर दोष अशिक्षित सुईणीचाच असता, तर जिथे ती नव्हती तिथे बायका वाचायला हव्या होत्या. आकडे उलट बोलतात. इंग्लंडात जंतुशास्त्र आलं, कार्बोलिक आलं, १९०२ मध्ये सुईणींचा कायदा झाला, तरी मातामृत्यूचा दर १९३०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हजारी चारच्या आसपास अडून बसला होता. अमेरिकेत १९२०च्या दशकात तो हजारी सहा-सात होता, आणि तिथे बाळंतपणं भराभर डॉक्टरांच्या हाती जात होती, चिमटे लावून घाईनं उरकली जात होती. त्याच वेळी नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये, जिथे बाळंतपणाची मुख्य जबाबदारी शिकलेल्या, सरकारनं मान दिलेल्या सुईणींवर होती, तो दोन ते तीनच्या दरम्यान होता. व्हिएन्नाचे दोन कक्ष आठवावेत. डॉक्टर की सुईण यावर काही ठरत नव्हतं. जिला शिकवलं, पगार दिला, जबाबदार धरलं आणि सामान पुरवलं ती सुईण बाळंतिणीला वाचवत होती. मुंबई इलाख्यात परिचारिका आणि सुईणींच्या नोंदणीचा कायदा व्हायला १९३५ उजाडलं. भोर समितीच्या वेळी सगळ्या देशात शिकलेल्या सुईणी सुमारे पाच हजार होत्या आणि गरज एक लाखाची होती.

स्वच्छतेचं तोंड बाळंतिणीकडे फिरवण्याचं काम इथल्या काही बायकांनी केलं, आणि त्यात नाशिकचा एक धागा आहे. न्यायमूर्ती रानडे यांची बदली १८७८ मध्ये नाशिकला झाली. रमाबाई रानडे सार्वजनिक सभेत पहिल्यांदा पुढे आल्या त्या इथे, नाशिकच्या हायस्कुलातल्या समारंभात. त्याच रमाबाईंनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं, आणि तिथून विधवा व गरजू बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचं आणि सुईणीचं शिक्षण घ्यायला पाठवलं. याचं महत्त्व आज चटकन लक्षात येत नाही. विधवेचं दर्शन अशुभ, मंगलकार्यात तिनं पुढे यायचं नाही, आणि बाळंतपण विटाळाचं. या दोन्ही समजुती एकाच वेळी मोडून पांढरपेशा घरातली विधवा हात घासून, उकळलेली कात्री घेऊन परक्या बाईच्या उशाशी बसली. रक्ताला हात लावायचा, परजातीच्या बाईची सेवा करायची, रात्रपाळीला जायचं, यावरून त्या बायकांना काय काय ऐकावं लागलं असेल! रखमाबाई लंडनहून डॉक्टर होऊन १८९५ मध्ये सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या आणि पुढची कितीतरी वर्षं सुरत-राजकोटात बाळंतिणींसाठी झिजल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी डब्लिनला पाठवलेल्या कृष्णाबाई केळवकरांनी आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात तेच केलं. ही संख्या गरजेपुढे फारच थोडी होती. पण या बायकांच्या हातून पहिल्यांदा असं झालं की खोलीत शिरताना हात धुतले गेले.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप औषधाचा आहे. १९३५ मध्ये गेर्हार्ड डोमाक यांनी प्रोंटोसिलचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि १९३६ मध्ये लिओनार्ड कोलब्रुक यांनी लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयात ते बाळंतज्वराच्या ३८ बायकांना दिलं, तिघीच दगावल्या. त्याआधी अशा चारपाच बायकांतली एक जायची. तेव्हापासून इंग्लंडातला अडलेला आकडा कोसळू लागला. पुढे पेनिसिलीन आलं; १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभं राहिलं. मग हात धुण्याचा एवढा बोभाटा कशाला, गोळीनंच काम झालं, असं म्हणता येईल. इंग्लंडापुरतं ते बरंचसं खरं आहे. पण स्वीडन आणि नेदरलँड्स गोळी येण्याआधीच खाली होते, हे त्याचं एक उत्तर. दुसरं उत्तर आपल्याकडचं आहे: औषध तिथेच उपयोगी पडतं जिथे कोणी तरी बाळंतिणीचा ताप ताप म्हणून ओळखतं आणि तिला वेळेत उचलून नेतं. तिला वारं लागलं, बाहेरची बाधा झाली, असं म्हणून चौथा-पाचवा दिवस गेला, की पिंपरीचं पेनिसिलीन सुरगाण्याच्या पाड्यावर कसं पोचणार? औषध असूनही बाळंतिणीपुरतं ते नसल्यासारखंच राहिलं.

एक मृत्यू तर या चर्चेतही येत नाही. लग्नाबाहेरच्या किंवा विधवेच्या गर्भावर काड्या घालून, जहाल मुळ्या देऊन उपाय करणाऱ्या बायका गावोगाव होत्या, आणि त्यातून आलेला संसर्ग बाळंतज्वराइतकाच जीवघेणा असे. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते या बायकांना निर्धोक बाळंतपण मिळावं म्हणून. घराची अब्रू वाचवण्यासाठी बाईचा जीव जोखमीत घालायचा, हीच ती उलटी दिशा, सगळ्यात उघड्या रूपात. गर्भपात कायदेशीर व्हायला १९७१ उजाडलं, आणि तरीही २००१-०३ च्या नमुना नोंदणीच्या आधारे केलेल्या अभ्यासात मातामृत्यूंपैकी आठ टक्के गर्भपाताशी निगडित निघाले. त्याच अभ्यासात जंतुसंसर्गाचा वाटा ११ टक्के होता. प्रतिजैविकांचं अर्धशतक उलटल्यावरचा हा आकडा आहे.

आजचं चित्र खूप बदललं आहे आणि तो बदल मोठ्या कष्टानं आलेला आहे. १९७० पासून जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी दायांना शिष्या न मानता सहकारी मानून शिकवलं. हात, जागा, ब्लेड, नाळ आणि दोरा, या पाच स्वच्छता आणि धनुर्वाताची लस यांमुळे २०१५ मध्ये भारतातून माता-बालकांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं संस्थेत झालेली दिसतात, आणि २०१८-२० मध्ये राज्याचा मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता. मेगॉंच्या आकड्याशी ताडून पाहिला तर तो सत्तर पटींहून खाली आलेला आहे. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशकात आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या जिल्ह्यात शिकलेली सुईण शोधावी लागे तिथून आज राज्यभरच्या डॉक्टर-परिचारिकांच्या परीक्षा होतात.

पण बाळंतपण घरातून संस्थेत गेलं, म्हणजे जोखीमही घरातून संस्थेत गेली. एका खाटेवर दोन बाळंतिणी, नळाला पाणी नसलेली प्रसूतिखोली, एका पाळीत पंधरा बाळंतपणं करणारी परिचारिका, सिझेरियनच्या टाक्यांत झालेला पू. ही आता बाळंतज्वराची ठिकाणं आहेत, आणि जंतूही जुन्या औषधांना दाद न देणारे झाले आहेत. नागपूर आणि बेळगावसह सात देशांतल्या केंद्रांत २९,२७८ बायकांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कळा सुरू असताना अझिथ्रोमायसिनचा एकच डोस दिल्यानं मातेला जंतुदोष (सेप्सिस) होण्याचं किंवा तिच्या मृत्यूचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. ही मोठी गोष्ट आहे आणि तो डोस गरजू बाईला मिळायलाच हवा. पण प्रत्येक बाळंतिणीला गोळी देण्याचा निर्णय घेताना सरकारनं आधी पेठ आणि सुरगाण्याच्या प्रसूतिखोल्यांत उन्हाळ्यात वाहतं पाणी आहे का, एका पाळीला किती परिचारिका आहेत, आणि घरी गेलेल्या बाळंतिणीचा तिसऱ्या दिवशी ताप पाहायला कोण जातं, हे मोजावं. आशा ताईंच्या गृहभेटी मुख्यतः बाळाभोवती फिरतात. त्याच भेटीत आईच्या काखेत थर्मामीटर लावायला दोन मिनिटं लागतात, आणि तिसऱ्या, सातव्या दिवसाच्या त्या आकड्याला वहीत आईच्या नावाचा स्वतंत्र रकाना हवा.